दोन आठवड्यांनी काय चालेल?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्रंथालयाच्या अभ्यासिकेतली जागा आरक्षित करण्याचं ॲप हा आमचा चौघांचा प्रोजेक्ट. गाइडनी सांगितल्याप्रमाणे आधी रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट केलं, मग डायग्राम, मग कोडिंग. स्क्रीन, डेटाबेस, लॉगिन, रिपोर्ट असं काम वाटून घेतलं. आता चौघांचा कोड एकमेकांशी जुळत नाही आणि सबमिशनला दहा आठवडे उरलेत. सीनियर म्हणतात, कंपन्यांत ॲजाइल चालतं, म्हणजे छोट्या फेऱ्यांत काम करून, दाखवून सुधारत जाणं; त्यातल्या स्क्रम पद्धतीचं सर्टिफिकेट करून टाक. करू का?

उत्तर : आत्ता नको. स्प्रिंटची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या एका फेरीची, व्याख्या मुलाखतीत कोणीही घडाघडा सांगतं. खरी पंचाईत पुढच्या प्रश्नाला होते, ‘पहिल्या स्प्रिंटनंतर तुम्ही काय बदललंत?’ त्याचं उत्तर सर्टिफिकेटात मिळत नाही, तुझ्या या अडकलेल्या प्रोजेक्टात मात्र मिळेल.

गाइडवर रागावू नकोस. आधी कागद, मग डायग्राम, मग कोड ही एकाखाली एक पायऱ्यांची ‘वॉटरफॉल’ (धबधबा) आकृती अभ्यासक्रमातच आहे. गंमत म्हणजे ती ज्या लेखामुळे गाजली, त्या विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या लेखात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही. उलट, नुसतं असं खाली उतरत जाणं धोक्याचं आहे, कारण चाचणी शेवटी येते आणि तिथे सापडलेली चूक थेट डिझाइनपर्यंत मागे नेते, असं त्यांनीच त्यात बजावलंय. ॲजाइल जाहीरनामा तर २००१चा. त्याच्या वीसेक वर्षं आधी नासाच्या स्पेस शटलचं मुख्य सॉफ्टवेअर १७ फेऱ्यांमध्ये तयार झालं होतं, एकेक फेरी सरासरी आठ आठवड्यांची. नाव नवं असलं तरी पद्धत जुनीच.

आता तुझं ॲप. पहिली फेरी दोन आठवड्यांची. एक अभ्यासिका, एक दिवस, एक बटण. लॉगिन नाही, रंगरंगोटी नाही. बटण दाबलं की डेटाबेसात नोंद व्हावी, जागा संपल्या असतील तर नकार मिळावा. काम एवढंसंच, पण स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत आरपार. तुम्ही थर वाटून घेतलेत, म्हणून जोडायची वेळ शेवटी आली. एका फेरीत चौघांनी मिळून एकच आरपार तुकडा करायचा आणि रोज संध्याकाळी सगळ्यांचा कोड एकाच ब्रँचमध्ये, म्हणजे एकाच सामाईक प्रतीत, मर्ज करायचा. तेव्हा होणारी भांडणं छोटी असतात.

दहाव्या दिवशी फोन ग्रंथपालबाईंच्या हातात दे आणि गप्प उभी राहा. हे वाटतं त्याहून अवघड आहे, जीभ वळवळते. त्या कुठे अडतात, काय चुकीचं दाबतात, ते लिहून घे. बहुधा त्या विचारतील, ‘जागा अडवून मुलं आलीच नाहीत तर?’ तुझ्या चाळीस पानी डॉक्युमेंटात हे नसणार. त्यावर हजेरीची एक नोंद लागेल, आणि पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही तर जागा मोकळी करणारा नियम. दुसऱ्या आठवड्यात कळलं तर एका दिवसाचं काम. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात कळलं तर रडू येईल.

मी स्वतः यात तोंडघशी पडलेय. नोकरीत असताना आमच्या टीमने सात महिने खपून पगारपत्रकाचं मॉड्यूल केलं आणि ते वापरणाऱ्या क्लार्कना पहिल्यांदा दाखवलं ते थेट सोपवायच्या दिवशी. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘मागच्या महिन्याची दुरुस्ती कुठे करायची?’ तशी सोयच नव्हती.

दुसऱ्या फेरीत दोन फोनवरून शेवटची जागा एकाच क्षणी मागून बघा. दोघांनाही मिळाली, तर व्हायवाला सांगण्यासारखी एक गोष्ट तुला सापडली. लॉगिन तिसऱ्या फेरीत. चौथ्या फेरीत काय घ्यायचं ते आत्ता ठरवूच नकोस, ते ग्रंथपालबाई ठरवतील. उरलेले दोन आठवडे रिपोर्टसाठी राखून ठेव.

फेऱ्यांनी काम करायचं म्हणजे मनाला येईल तसं नव्हे. जागा, वेळ आणि विद्यार्थी यांचं नातं डेटाबेसात कसं मांडायचं, हे नंतर बदलणं महागात पडतं. त्यावर पहिल्याच दिवशी तासभर डोकं लावा. आणि ‘नव्वद टक्के झालंय’ असं कोणी म्हणालं तर ते झालेलं नाही असं धरा. चाचणी करून, मर्ज करून, दाखवून झालं की झालं.

गाइडना कागद हवेत, तर दर फेरीनंतर तेच डॉक्युमेंट सुधारून द्या. काय बदललं आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे दोन ओळींत तारखेसह एका वहीत लिहा. मुलाखतीला जाताना मला विचारशील तर ती वही जवळ ठेव.

उद्या चौघं बसा आणि आहे त्या कोडमधलं पहिल्या फेरीला काय उपयोगी पडतं ते बघा. लॉगिन करणाऱ्या मित्राला वाईट वाटेल. त्याचं काम फुकट गेलेलं नाही, तिसऱ्या फेरीत लागणार आहे, हे त्याला मीटिंगच्या आधीच वेगळं गाठून सांग.