इतिहासाचा शोधनिबंध पहिल्यांदाच वाचायचा आहे. कोणती परिषद निवडावी?

आपला विषय भारतीय इतिहासातला असेल, तर इंडियन हिस्ट्री काँग्रेसचा विचार अवश्य करावा. तिचे पहिले अधिवेशन 1935 साली पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात, शफात अहमद खान यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. त्याआधी 1919 मध्ये याच शहरात भांडारकर संस्थेच्या पुढाकाराने पहिली प्राच्यविद्या परिषद भरली होती, आणि संस्कृत, पाली किंवा हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना आजही तीच अधिक जवळची वाटेल. हिस्ट्री काँग्रेसमध्ये प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन, भारतेतर देश आणि पुरातत्त्व असे विभाग असतात, त्यामुळे निबंध कोणत्या विभागात बसतो हे आधी ठरवावे.

प्रत्यक्ष वाचनाला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे मिळतात, आणि अध्यक्षांची घंटा कोणाचीच गय करत नाही. म्हणून वीस पानांचा मजकूर घाईने उरकण्यापेक्षा एखादे मोडी पत्र किंवा दफ्तरातील एकच नोंद घेऊन तिच्यावरून नेमके काय सिद्ध होते एवढेच मांडावे. चांगले प्रश्न मात्र बहुधा सभागृहात नव्हे, तर चहाच्या रांगेत विचारले जातात. तेव्हा सत्र संपताच निघून जाऊ नये.