पाथरवट संसदेत जातो तेव्हा

प्रिय पोरी,

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या वृद्धाश्रमात काम करता करता तू युनियनची प्रतिनिधी झालीस आणि आता राज्याच्या निवडणुकीला उभी राहा म्हणून माणसं मागे लागलीत, हे वाचून मला रात्री झोप आली नाही. आनंदानेच.

तुझ्याच शहरातल्या टॉम प्राइसची गोष्ट सांगतो. 1852 साली वेल्समध्ये जन्मलेला, लिव्हरपूलमध्ये वाढलेला हा पाथरवट 1883 मध्ये ॲडलेडला आला. तिथे संसद भवनाचं काम चालू होतं. त्याचे दगड त्याने घडवले. पुढे पाथरवट-गवंड्यांच्या युनियनचा सचिव झाला आणि 1893 मध्ये त्याच इमारतीत निवडून गेला. आमदारांना पगार नसता तर हातावर पोट असलेला माणूस आत कसा बसला असता? तो पगार 1887 मध्ये सुरू झाला होता.

1905 मध्ये तो प्रीमियर झाला, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री. त्याच्या मजूर पक्षाला एकट्याला बहुमत नव्हतं. आर्चिबाल्ड पीक नावाच्या नेत्याच्या उदारमतवाद्यांना सोबत घ्यावं लागलं. खरी झुंज होती वरच्या सभागृहाशी. तिथे मत द्यायला भाडेकरूच्या घराचं वार्षिक भाडं किमान 25 पौंड लागे, म्हणजे गरीब बाहेरच. प्राइसने 15 पौंडांची मागणी लावून धरली. 1906 मध्ये त्यासाठी निवडणूकही घेतली, जागा वाढल्या, तरी वरचं सभागृह हटेना. शेवटी 17 वर तडजोड झाली आणि स्वतःच्याच पक्षातले लोक चिडले.

मला ती तडजोड बरोबर वाटते. दोन पौंडांसाठी हजारो माणसांना आणखी ताटकळत ठेवायचं कशाला? पण ती चीडही मी ओळखतो. एकदा आमच्या युनियनने मागणीपेक्षा कमी पगारवाढीवर सही केली आणि गेट मीटिंग नंतर घेतली. आकडा वाईट नव्हता. तरी सभासद खाली मान घालून निघून गेले, कारण त्यांना आधी विचारलंच नव्हतं. तू आधी विचार. वेळ नाही असं कोणी म्हणालं तरी विचार.

आणखी एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. ज्या मजूर चळवळीने प्राइसला वर आणलं, तिलाच त्या काळी आशियातली माणसं देशात नको होती. 1901 च्या कायद्याने आपल्यासारख्यांना दार बंद केलं, तेव्हा ती चळवळ त्या कायद्याच्या बाजूने उभी होती. आज तू त्याच चळवळीचा बिल्ला लावतेस. तुझ्यानंतर बोटीतून किंवा विमानातून उतरणाऱ्याबद्दल कोणी तुझ्यासमोर वाकडं बोललं, तर गप्प बसू नकोस. मतं गेली तरी चालतील.

प्राइस पदावर असतानाच, 1909 च्या मे महिन्यात गेला. मार्चमध्येच शहरात पहिली विजेची ट्राम धावली होती आणि ती त्याच्या बायकोने चालवली होती.

उभं राहायचं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल. आईशी आधी बोल, फोनवर नको, इथे येऊन. आणि संसद भवनाचा पश्चिमेकडचा भाग पाहून ये. प्राइसच्या काळातलं काम तेच. सभासदांची सभा कधी ठेवतेस ते कळव.

तुझा काका