आधी खड्डे वाच, डिटेक्टर नंतर

अरे घोडबंदरला बसून सोनं शोधायच्या मेटल डिटेक्टरचे रिव्ह्यू बघतोयस ते ठीक, पण येऊरला प्रॅक्टिस नको, एकतर तो नॅशनल पार्क आणि दुसरं म्हणजे आपला सगळा बेसॉल्ट, तिथे काय सोनं मिळणार. तू ऑस्ट्रेलियात बेंडिगोला ताईकडे चाललायस ना, मग तिथलं ऐक.

तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात १८५१ पासून लोकांनी सोन्यासाठी जमीन चाळून काढलीय, त्यामुळे नवीन जागा शोधायचा शहाणपणा करू नको, जुने लोक जिथे खणत होते तिथेच जा. मातीचे ढीग बघ. बारके, गुडघ्याएवढे आणि दाटीवाटीने असतील तर सोनं वरवरच होतं, म्हणजे तुला चान्स आहे. मोठा ढिगारा म्हणजे खोल शाफ्ट (विहिरीसारखा उभा खड्डा), तेवढ्या खाली मशीन पोचत नाही, पण ढिगाऱ्यावर मात्र फिरव, त्यांच्या नजरेतून सुटलेले तुकडे कधीकधी मिळतात. खड्डे ओळीत असले तर ते क्वार्ट्झच्या शिरेमागे नाहीतर गाडल्या गेलेल्या जुन्या ओढ्यामागे गेलेले असतात, मी तर ती ओळ जिथे संपते तिथेच जास्त वेळ घालवायचो. गोल चर दिसला तर तिथे सोनं काढायला घोडा फिरवून चिकणमाती धुवायचे, मी पहिल्यांदा कारंजं समजून त्यावर बसून डबा खाल्ला होता 😀

शाफ्टच्या काठाजवळ अजिबात जाऊ नको, कडा ढासळतात. आणि आधी मायनर्स राईट, म्हणजे सोनं शोधायचा परवाना काढ, १० वर्षं चालतो, पण त्यावर सगळीकडे खणता येत नाही, जागा चेक करूनच जा. पहिले काही दिवस नुसते खिळेच निघतील.