गाडी चालताना स्वतःच वीज तयार करते, मग उभी राहिल्यावर बॅटरी का उतरते?

तुम्ही लिहिलंय की नोकरी पुण्यात, गाडी पेडण्याच्या घरी. महिना-दीड महिन्याने आलात की सेल्फ नुसता टक-टक करतो. चुलतभाऊ दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतो, तरी हेच. मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला, आणि नवी घालून वर्षही झालेलं नाही. मी फोंड्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांची तक्रार हीच असते. तुमची बॅटरी बहुतेक चांगली आहे, ती उपाशी आहे. मापल्याशिवाय नवी घेऊ नका.

आधी वीज कुठे तयार होते ते बघू. इंजिनच्या पुलीवरून एक पट्टा अल्टरनेटर फिरवतो. आमच्याकडे जुनी माणसं अजून त्याला डायनामोच म्हणतात. आत फिरतो तो रोटर, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक. त्याच्याभोवती तांब्याच्या तारेची तीन वेटोळी. चुंबक फिरलं की तारेत वीज उपजते. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं ते हेच. ही वीज उलटसुलट वाहणारी असते. सहा डायोड तिला एका दिशेला वळवतात आणि रेग्युलेटर रोटरचा प्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज साधारण 14 च्या आसपास धरून ठेवतो. इंजिन चालू असताना दिवे, वायपर, पंखा, इंजेक्शन असं सगळं या विजेवर चालतं आणि उरलेली बॅटरीत जाते. बॅटरीचं मुख्य काम दोन-तीन सेकंदांचं: सेल्फला एका दमात शंभर-दीडशे आंपिअर द्यायचे.

आता गंमतीची गोष्ट म्हणजे गाडी स्टार्ट करायला फार वीज लागत नाही. दीडशे आंपिअर दोन सेकंद ओढले तरी एक आंपिअर-तासाचा, म्हणजे एक आंपिअर तासभर वाहून जेवढी वीज जाते तिचा, फक्त बारावा हिस्सा होतो. लहान गाडीची बॅटरी 35 आंपिअर-तासांची असते. म्हणजे तुमची वीज सेल्फ खात नाही. ती खातात लॉक, अलार्म, घड्याळ आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी, गाडी बंद असताना. चावी काढली तरी हे सगळं जागं असतं. समजा ही गळती फक्त 30 मिलिआंपिअर आहे, आणि हे अगदी नेहमीचं प्रमाण आहे. आठवड्याला 5 आंपिअर-तास गेले, महिन्याला जवळजवळ 22, दीड महिन्यात 32. बॅटरी संपली, कुणाचाही दोष नसताना. शिवाय उष्म्याने बॅटरी आपोआपही लवकर उतरते, आणि आपल्याकडे उष्म्याला काय तोटा!

आणि चुलतभावाची पाच मिनिटं? उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं, अल्टरनेटर पूर्ण क्षमतेच्या बराच खाली असतो. बॅटरीने दहा आंपिअर घेतले असं धरलं तरी पाच मिनिटांत एक आंपिअर-तासही आत जात नाही. आठवड्याला गेले पाच, आले एकापेक्षा कमी. त्यात पावसात त्याने हेडलाइट नि काचेचा पंखा लावून ठेवला असेल तर तेही नाही. भाऊ मनापासून करतोय, त्याला सांगा की त्यापेक्षा गाडी म्हापशापर्यंत नेऊन आण.

अशी बॅटरी उतरलेलीच पडून राहिली तर मात्र खरोखर मरते. आत शिसं, शिशाचा ऑक्साइड आणि गंधकाचं आम्ल असतं. वीज बाहेर जाताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट बसतं, चार्ज करताना ते परत विरघळतं. पण आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे कडक खडे होतात आणि मग ते सुटत नाहीत. म्हणून उशीर करू नका.

मापायला साधा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर 12.6 दिसले तर ती भरलेली. 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. मग इंजिन चालू करून परत बघा: 13.8 ते 14.5 आले तर अल्टरनेटर ठीक. 12.5 वरच राहिलं तर पट्टा, ब्रश (रोटरला वीज पोचवणारे) किंवा रेग्युलेटर बघायचा, बॅटरी बदलून काहीही होणार नाही. काही जण अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर टर्मिनल काढतात. कृपा करून कुणालाही हे करू देऊ नका. बॅटरीचा आधार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि त्या क्षणात रेग्युलेटर किंवा कॉम्प्युटर जळू शकतो.

किनाऱ्याकडच्या गाड्यांसाठी अजून एक. मोरजीहून एक गाडी आली होती, बॅटरी नवी, 12.6 व्होल्ट, तरी सेल्फ टक-टक. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवली आणि सेल्फ मारायला सांगितला. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, दिसले दोन. अर्थिंगची पट्टी, म्हणजे मायनसला इंजिनशी जोडणारी जाड तार, वरून नीट होती. रबर सोललं तर आत तांब्याचा हिरवा भुगा. खाऱ्या वाऱ्याचं काम. पट्टी बदलली, दोन्ही टोकं घासली, ग्रीस लावलं, गाडी सुरू. तुमचं घर समुद्राजवळ असेल तर ही तपासणी आधी करा.

करायचं काय? पुण्याला निघताना मायनसचं टर्मिनल काढून ठेवा. आधी मायनसच, कारण प्लस काढताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. जोडताना मायनस शेवटी. घड्याळ परत लावावं लागेल, काही गाड्यांत रेडिओचा कोडही, तो आधी लिहून ठेवा. परत आल्यावर जंप देऊन, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करून, तसंच फिरू नका. उतरलेली बॅटरी चार्जरवर रात्रभर ठेवा, हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. डॅशकॅम किंवा ट्रॅकर थेट बॅटरीवरून जोडून घेतला असेल तर पहिला संशय त्याच्यावर.

शेवटी तुम्ही विचारलंय की इलेक्ट्रिक गाडी घेतली तर हा त्रास जाईल का. पूर्ण जाणार नाही. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांतही मोठ्या बॅटरीबरोबर एक 12 व्होल्टची लहान बॅटरी असते, दारं आणि कॉम्प्युटर तिच्यावर. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. वीज मात्र तिथे बाहेरून भरायची असते. अल्टरनेटर नाही, पण चोर्ला घाट उतरताना ब्रेकच्या जागी मोटरच जनित्र होते आणि थोडी वीज परत मिळते. साठाही वेगळाच: तुमच्या बॅटरीत अर्धा युनिटही मावत नाही, लहान इलेक्ट्रिक गाडीत वीस-तीस युनिट मावतात. ती महिनाभर उभी ठेवायची तर मोठी बॅटरी साधारण अर्धी भरून ठेवा, काठोकाठ नको. लहान बॅटरीबद्दल गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते विकत घेण्याआधीच विचारा.