मल्याळम सिनेसृष्टीत अत्याचार करणाऱ्यांसोबत त्यांना पाठीशी घालणाऱ्यांनाही जाब विचारला गेला का?

फारसा नाही. मल्याळम चित्रपटसृष्टीत स्त्रियांना काय सोसावं लागतं हे तपासणाऱ्या हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्येच केरळ सरकारच्या हाती आला होता, बाहेर आला ऑगस्ट २०२४ मध्ये! हॉटेलात रात्री दारावर इतक्या जोरात थापा पडत की दार मोडेल असं वाटे, म्हणून नट्या घरच्यांना सोबत नेत, हे त्यातच नोंदवलंय. आता थापा कोण मारतंय हे युनिटमध्ये कुणालाच ठाऊक नसेल? मला नाही पटत.

गदारोळ झाल्यावर 'अम्मा' या कलाकार संघटनेची कार्यकारिणी अध्यक्ष मोहनलाल यांच्यासह राजीनामा देऊन मोकळी झाली. पण राजीनाम्याने चौकशी थोडीच होते? निर्मितीसंस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत तक्रार समिती हवीच, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलंय. ती न नेमता शूटिंग करणाऱ्या निर्मात्याला आधी धरा.