घरी प्लग नाही, तर फक्त बाहेरच्या चार्जरवर ईव्ही चालेल का?

तुमचा प्रश्न असा : साताऱ्याच्या शाहूपुरीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट, पार्किंगमध्ये प्लग नाही, नोकरी कराडला. घ्यावी का ईव्ही?

चार वर्षं साताऱ्यात ईव्ही चालवतोय, बॅटरी 30 युनिटची. तुमचं रोजचं जाणं-येणं शंभर किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर अडीच हजार. हायवेला माझी गाडी युनिटला सात किलोमीटरच्या आसपास देते, म्हणजे साडेतीनशे युनिट झाले. 30 किलोवॅटच्या डीसी, म्हणजे फास्ट, चार्जरवर तासाभरात पदरात पडतात बावीस-चोवीस, कारण 80 टक्क्यांनंतर गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. म्हणजे महिन्यातून पंधरा वेळा तासभर चार्जरपाशी बसायचं, तेही चार्जर चालू आणि मोकळा असेल तर. मशीनवर 60 किलोवॅट लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. दोन्ही गन (गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग) लागल्या की बऱ्याच ठिकाणी त्याची दोन गाड्यांत वाटणी होते.

गेल्या मे महिन्यात सांगलीहून येताना 60 टक्क्यांवर निघालो. म्हटलं, कराडजवळ हॉटेलवर चहा आणि चार्जिंग एकदमच उरकू. पोचलो तेव्हा 25 उरले होते. ॲपवर हिरवा ठिपका, म्हणजे चार्जर चालू, समोर मशीनचा स्क्रीन काळा. वॉचमन म्हणाला, "परवापासनंच बंद हाय की." तिथून सातारा पन्नास किलोमीटर, बॅटरीत जेमतेम तेवढंच, आणि घरचे सगळे गाडीत. मागे वळून दुसरा चार्जर गाठला तर पुढे दोन गाड्या. घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा.

तेव्हापासून ठिपक्यावर विश्वास ठेवत नाही. निघण्याआधी हॉटेलच्या काउंटरला फोन करून विचारतो, "गन चालू आहे का, आज कुणी चार्ज केली का?" शिवाय पहिला चार्जर बंद निघाला तरी दुसऱ्यापर्यंत जाता येईल एवढी बॅटरी राखून ठेवतो. तीन-चार ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे अडकून पडतात, त्याला इलाज नाही. दिवाळी आणि मेच्या सुट्टीत पुणे-कोल्हापूर रस्त्यावरच्या रांगांचं काय सांगू! त्यात कुणीतरी डिझेल गाडी बरोबर चार्जरसमोर लावून जेवायला गेलेला असतो.

घाटाची मात्र फार धास्ती घेऊ नका. साताऱ्याहून महाबळेश्वरला चढताना निव्वळ चढाचे तीनेक युनिट जादा जातात, उतरताना रीजनने (वेग आवरताना मोटर उलट बॅटरी चार्ज करते, त्याने) त्यातले बरेचसे परत येतात. मेढ्याकडे खाली येताना टक्का वाढताना बघायला अजूनही मजा येते.

माझं मत विचाराल तर आधी सोसायटीशी बोला, बुकिंग नंतर. स्वतःच्या पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा पॉइंट मिळाला तर रात्रीच्या सात-आठ तासांत वीसेक युनिट गाडीत भरले जातात, म्हणजे तुमची रोजची गरज भागते. वायर जाड टाका आणि अर्थिंग नीट तपासून घ्या. आमच्याकडे सुरुवातीला अर्थिंगमुळेच चार्जिंग मधेच तुटायचं. साडेतीनशे युनिट घरच्याच मीटरवर चढवले तर 300च्या वरचा महाग स्लॅब लागतो, म्हणून महावितरणकडून ईव्हीसाठी वेगळं मीटर घ्या. बाहेर दर चढा, वर 18 टक्के जीएसटी. सेक्रेटरी "परवानगी नाही" म्हणाले तर सांगा, आपल्या घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय. आमच्याकडे सभेत दोनदा वाद झाला. तिसऱ्या वेळी विरोध करणाऱ्या काकांच्या मुलानेच ईव्ही बुक केली होती, मग ठराव पाच मिनिटांत झाला.

सोसायटी ऐकतच नसेल तर कराडच्या ऑफिसात विचारा. तिथे आठ तास साधा प्लग मिळाला तरी काम होतं. दोन्हीकडे नकार आला, तर एवढ्या रनिंगला सध्या सीएनजी घ्या.