नाव मस्टरवर नव्हते, तरी भरपाईचा हक्क आहे

प्रश्न : बँकेतील बदलीमुळे मी तामिळनाडूतील शिवकाशी येथे राहतो. आमच्या घरी काम करणाऱ्या बाईंचे पती (वय 35) गेल्या वर्षी, ऑक्टोबर 2025 च्या आधी, फटाक्यांच्या कारखान्यात दारू भरताना स्फोटात दगावले. ते पोटठेकेदाराकडे होते, मस्टरवर नाव नव्हते. मालक दोन लाख रुपये देऊन स्टॅम्प पेपरवर सही मागत आहे. दावा केला तर कारखान्याला टाळे लागेल आणि साऱ्यांच्या पोटावर पाय येईल, असे शेजारी म्हणतात.

उत्तर : बाईंनी त्या कागदावर सही करू नये. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाली; त्याआधीच्या या अपघाताला 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होतो आणि भरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्याच्या कलम 17 नुसार रद्दबातल ठरतो. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने रक्कम या कायद्याखालील भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल वगळता परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरला जात नाही.

आपल्या धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेणारा मूळ मालकही कलम 12 प्रमाणे जबाबदार असतो. 'चूक त्याचीच होती' हा बचाव मृत्यूच्या बाबतीत चालत नाही. आपण छायाचित्र पाठवलेली बाईंच्या पतीची हिशेबाची वही जिवापाड जपा : दर शनिवारची तारीख, भरलेले नग, मिळालेले पैसे आणि पानांच्या कडांना चिकटलेली ॲल्युमिनियमची चंदेरी पूड, हे सारे त्यांच्या नोकरीची साक्ष देते. सोबतच्या कामगारांचे जबाब, एफआयआर आणि शवविच्छेदन अहवाल जोडावेत.

वहीनुसार मासिक वेतन 15,000 रुपयांहून अधिक असले, तरी हिशेबासाठी तेवढीच मर्यादा आहे. त्याचे निम्मे 7,500, गुणिले कायद्याच्या तक्त्यातील 35 व्या वर्षाचा गुणक 197.06, म्हणजे 14,77,950 रुपये. महिन्याभरात रक्कम न दिल्यास 12 टक्के व्याज लागते आणि समर्थनीय कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही. अर्ज मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत करावा. मात्र कारखान्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू आहे का, हे आधी तपासा. असल्यास दावा त्या महामंडळाकडे जातो आणि अवलंबितांना मासिक लाभ मिळतो.

शेजाऱ्यांची भीती मी हलकी मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बेरियमयुक्त फटाक्यांवर बंदी घातल्यावर तिथल्या कारखान्यांनी काम थांबवले होते, तेव्हा किती चुली थंडावल्या असतील हे समजते. परंतु भरपाई आयुक्तांना कारखाना बंद करण्याचा अधिकारच नाही. परवान्याचा निर्णय नागपूर मुख्यालय असलेली पेसो ही केंद्र सरकारची स्फोटक सुरक्षा संस्था आणि जिल्हा प्रशासन घेते, तोही स्फोटाच्या चौकशीवरून. बाईंनी दावा केला किंवा न केला, त्याने फरक पडत नाही. नवऱ्याच्या मृत्यूचे मोल सोडून कारखाना वाचवण्याचे ओझे त्यांच्या शिरावर टाकणे अन्यायाचे आहे.

वकिलाच्या फीची चिंता नको. स्त्री म्हणून, उत्पन्न कितीही असो, विरुधुनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून त्यांना मोफत वकील मिळू शकतो. येत्या आठवड्यातच त्यांना तिथे घेऊन जा, मूळ वही मात्र स्वतःकडेच ठेवून प्रत द्या.